हसू, हास्य, हशा आणि हसे: नेमका शब्द कसा निवडावा

हसण्यासाठी शब्द निवडताना आधी विशेषण शोधू नये. त्या नामाला कोणते क्रियापद चालते ते पाहावे. हसू येते, फुटते, आवरता येते आणि दाबताही येते, कारण ते माणसाच्या आत उमटते आणि पुष्कळदा त्याच्या इच्छेविना उमटते. ‘मला हास्य आले’ असे मात्र कोणी म्हणत नाही. हास्य हे पाहणाऱ्याच्या बाजूचे नाम आहे. ते चेहऱ्यावर पसरते, आणि हास्यरस, हास्यचित्र, हास्यास्पद असे शब्दही त्याच्यापासूनच घडतात.

हशा एकट्याचा नसतो. तो पिकतो, आणि पिकण्यासाठी त्याला सभा, वर्ग किंवा निदान चारचौघे लागतात. म्हणून खोलीत एकट्याने वाचत बसलेल्या पात्राच्या वाट्याला हशा दिला, की वाक्य खोटे पडते. हसे मात्र ज्याचे होते, तो स्वतः हसत नसतो. ‘वक्त्याच्या बोलण्यावर हशा पिकला’ आणि ‘वक्त्याचे हसे झाले’ या दोन वाक्यांत एका माणसाचे यश आहे आणि दुसऱ्याची फजिती, त्यामुळे येथे चूक झाल्यास अर्थ थेट उलटतो.

यानंतर आवाजाचा विचार करावा. स्मिताला आवाज नसतो. भरताच्या नाट्यशास्त्रात स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित अशा सहा चढत्या पायऱ्या सांगितल्या आहेत. त्यांत स्मितात दात दिसत नाहीत आणि हसितात ते किंचित दिसतात. आजच्या लेखनात यांपैकी स्मित तेवढे सहज वापरात आहे. उपहास हा शब्द रूढ आहे, पण त्याचा अर्थ आता हसण्याच्या प्रमाणाशी नव्हे, तर टवाळीशी बांधलेला आहे. अट्टहासाचा प्रवास तर याहून लांबचा आहे: मूळ अर्थ मोठ्याने हसणे, आणि मराठीत रूढ झालेला अर्थ हट्टाने केलेला आटापिटा. म्हणून राक्षसाच्या हसण्याला ‘विकट हास्य’ म्हणणेच अधिक स्पष्ट.

मला स्वतःला मराठीची खरी श्रीमंती अनुकरणवाचक शब्दांत दिसते. खुदकन हसणे क्षणभराचे आणि निरागस असते, खदखदून हसणे अंग हलवणारे असते, दाबलेले हसू अचानक सुटले की ते फिसकन बाहेर पडते. ‘फिदीफिदी’ लिहिले, की लेखकाला ते हसणे आवडलेले नाही हे वेगळे सांगावे लागत नाही. खिदळण्यात हसण्याबरोबर दंगाही येतो.

शेवटी विभक्ती तपासावी. ‘तो तिच्याकडे पाहून हसला’ यात ओळख किंवा स्नेह असू शकतो. ‘तो तिला हसला’ यात थट्टाच असते.