फॉस्टर केअरमधल्या मुलाला, घराला मदत करायचीय? मग जरा हे वाचा

ओळखीत कुणाकडे फॉस्टर केअरमधलं, म्हणजे स्वतःच्या घरी राहता येत नाही म्हणून काही काळ दुसऱ्या कुटुंबात ठेवलेलं मूल आलं की पहिल्या आठवड्यात खेळणी-कपड्यांचा ढीग लागतो, आणि महिनाभरात कुणी फिरकत नाही. खरी गरज तिथून पुढे असते. म्हणून झेपेल तेवढंच ठरवा, अगदी आठवड्यातून एक तास, पण तो चुकवू नका, कारण "येतो" म्हणून न आलेली माणसं या पोरांनी आधीच भरपूर बघितलेली असतात. आणि फोटो, नाव, शाळा यातलं काहीही स्टेटसला टाकायचं नाही म्हणजे नाही, चेहरा झाकूनसुद्धा नाही.

मुलाशी बोलताना "तुझे आईबाबा कुठेत, काय झालं होतं" हे विचारूच नका. त्याला सांगायचं असेल तर ते सांगेल, बहुतेकदा गाडीत किंवा भांडी पुसताना, तुमच्याकडे न बघता. तेव्हा फक्त ऐका. आईवडिलांना नावं ठेवू नका, कितीही राग आला तरी. कुणी मारतं, हात लावतं असं काही बोललं तर "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, खोदून विचारत बसू नका, त्याचेच शब्द लिहून ठेवा आणि त्याच दिवशी केस बघणाऱ्या सोशल वर्करला कळवा.

काही वागणं बघून लोक दचकतात. उदाहरणार्थ उशीखाली बिस्किटं, कपाटात अर्धवट खाल्लेलं काहीबाही. ही चोरी नाही हो, उपाशी राहिलेल्या पोराची ती तजवीज असते. ओरडण्याऐवजी त्याच्या नावाचा एक डबा ठेवायचा, तो कधीही उघडायची मुभा, आणि संपला की न बोलता भरायचा. हळूहळू लपवणं कमी होतं, पण त्याला वेळ लागतो. तसंच सख्ख्या आईला भेटून आल्यावर दार आपटणं, अंथरूण ओलं होणं, दोन दिवस अबोला. लगेच "भेटी बंद करा" म्हणणारे खूप असतात, पण नुसत्या अशा वागण्यावरून भेट वाईट झाली असं ठरत नाही, बऱ्याचदा ते पुन्हा ताटातूट झाल्याचं दुःख असतं. त्या संध्याकाळी पाहुणे, क्लास, काही ठेवू नका.

फॉस्टर आईबापांना "केवढं पुण्याचं काम करताय" म्हणू नका, कारण एकदा असं म्हटलं की बिचाऱ्यांना दमलोय हे सांगायचीच चोरी. "काही लागलं तर सांगा" पण नको, कुणी सांगत नाही. "बुधवारी क्लासला मी सोडतो" असं बोला. मूल तुमच्याकडे रात्री ठेवायचं असेल तर आधी त्यांना मुलाची केस बघणाऱ्या यंत्रणेकडून परवानगी काढायला सांगा.

आणि जन्मदाते आईवडील, यांना सगळेच विसरतात! संयुक्त राष्ट्रांनी 2009 साली पर्यायी काळजीबद्दल, म्हणजे आईवडिलांपासून दूर राहणाऱ्या मुलांच्या सांभाळाबद्दल मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली, त्यात स्पष्ट आहे की निव्वळ गरिबीमुळे मूल घरापासून तोडायचं नाही, आणि भावंडांची शक्यतो ताटातूट करायची नाही. मूल सुखरूप घरी परत जाणं हेच बऱ्याच केसमध्ये पहिलं ध्येय असतं, मग आईला शिव्या घालून कसं चालेल? तिला भेटीच्या ठिकाणी पोचवा, तारखा एका वहीत लिहून द्या, सगळे कागद एका फाईलला लावा. ती हो म्हणाली तर केसच्या मीटिंगला सोबत बसा आणि काय ठरलं ते टिपून घ्या, कारण तिथे धास्तीने निम्मं डोक्यात शिरत नाही.

भावंडं वेगवेगळ्या घरात असतील तर वाढदिवस, व्हिडिओ कॉल कुणीतरी मनावर घेतल्याशिवाय होत नाहीत. ते कुणीतरी तुम्ही व्हा.

अठरा वर्षांची होणारी मुलं हा तर वेगळाच विषय. बऱ्याच ठिकाणी त्या वयात व्यवस्था हात काढून घेते किंवा मदत आखडते, म्हणून तयारी सोळाव्या-सतराव्या वर्षीच सुरू करा: जन्मदाखला, शाळेचे दाखले, औषधोपचाराची फाईल, स्वतःचं बँक खातं, आणि प्रत्येक कागदाची एक प्रत दुसरीकडे. भाडेकरार वाचायला, डॉक्टरची अपॉइंटमेंट घ्यायला शिकवा, पण फोन त्यालाच लावू द्या, तुम्ही नुसते शेजारी बसा. आणि पुढे हॉस्टेलवर राहणार असेल तर सुट्टीत ते बंद झालं की तो कुठे राहणार, हे त्याला आत्ताच विचारून ठेवा.