पूर्व युरोपातील लोकशाहीवर संशोधन करू पाहणाऱ्यांसाठी: ‘वारशा’चे उत्तर पुरेसे नाही

मध्य आणि पूर्व युरोपातील समाजवादी राजवटी कोसळल्यानंतर तेथे लोकशाही कशी रुजली, कोठे डळमळली आणि समाजाने तिला कसे आपलेसे केले, या विषयाकडे वळणारे मराठी विद्यार्थी थोडे आहेत. त्यांतील बहुतेकांना सुरुवातीची वर्षे एकट्यानेच चाचपडावे लागते, म्हणून हे लिहीत आहे. पोलंडमधील गोलमेज चर्चा, बर्लिनची भिंत, १९९१मधील सोव्हिएत संघाचे विघटन आणि १ मे २००४ रोजी आठ माजी समाजवादी देशांचा युरोपीय संघात झालेला प्रवेश हे सारे तुम्हाला ठाऊक आहे, असे मी गृहीत धरते. मला बोलायचे आहे ते त्यापुढच्या टप्प्याविषयी, म्हणजे संशोधनाचा प्रश्न कागदावर उतरवण्याविषयी. या क्षेत्रातला सर्वांत मोठा सापळा तेथेच आहे, आणि माझ्या प्रबंधाचा बराच काळ त्यानेच खाल्ला.

हा सापळा म्हणजे ‘साम्यवादी वारसा’ हे स्पष्टीकरण. लोकांचा राजकीय पक्षांवर विश्वास का नाही, तर चार दशके एकाच पक्षाची सत्ता होती म्हणून. स्वयंसेवी संघटनांची सदस्यसंख्या कमी का, तर पूर्वी सदस्यत्व सक्तीचे होते म्हणून. मतदारांना कणखर नेता का हवासा वाटतो, तर वरून आदेश घेण्याची सवय जडली होती म्हणून. यातील प्रत्येक विधान ऐकायला पटणारे आहे, त्याला आधार देणारे शोधनिबंधही सापडतात आणि चर्चासत्रात माना डोलतात. नेमके याच कारणाने त्याची कठोर परीक्षा घेतली पाहिजे, कारण जे उत्तर प्रत्येक प्रश्नाला लागू पडते ते कोणत्याही एका प्रश्नाचे उत्तर असण्याची शक्यता फार कमी असते.

हंगेरीचे उदाहरण सविस्तर पाहू. १९९० पासून जवळजवळ वीस वर्षे हा देश लोकशाही संक्रमणाचा आदर्श विद्यार्थी मानला जात होता. मुक्त निवडणुका होत होत्या, सरकारे शांततेने बदलत होती आणि तेथील घटनात्मक न्यायालयाचा दबदबा सर्वत्र वाखाणला जात होता. २०१०मध्ये व्हिक्टर ओर्बान यांच्या फिदेस पक्षाला सुमारे ५३ टक्के मतांवर संसदेच्या दोन तृतीयांशांहून अधिक जागा मिळाल्या. २०११मध्ये त्यांनी नवी राज्यघटना आणि नवा निवडणूक कायदा संमत केला. संसदेच्या जागा ३८६ वरून १९९ झाल्या, मतदारसंघांतील मतदानाची दुसरी फेरी रद्द झाली, आणि २०१४मध्ये सुमारे ४५ टक्के मतांवर याच पक्षाला पुन्हा १३३ जागा, म्हणजे दोन तृतीयांश बहुमत मिळाले. २०१९मध्ये देशोदेशींच्या स्वातंत्र्याचे मूल्यमापन करणाऱ्या फ्रीडम हाउस या अमेरिकी संस्थेने हंगेरीला ‘अंशतः मुक्त’ देशांच्या गटात टाकले, आणि २०२२मध्ये युरोपीय संसदेने ठराव करून तेथे पूर्ण लोकशाही उरलेली नाही असे म्हटले.

आता स्वतःला विचारा: साम्यवादी वारसा १९९५मध्येही तोच होता आणि २०१५मध्येही तोच. मग १९९५मधील यशाचे आणि २०१५मधील घसरणीचे कारण एकच कसे असेल? जे बदलत नाही, त्याने बदलाचे स्पष्टीकरण एकट्याने देता येत नाही. हे वाक्य पद्धतिशास्त्राच्या पहिल्या वर्गात सर्वांनी ऐकलेले असते. पण स्वतःच्या प्रकरणाचा मसुदा लिहिताना ते विसरायला होते, कारण वारशाविषयी लिहिणे सोपे असते आणि त्यावर वाचायला भरपूर मिळते.

सावधपणा येथेच संपवू नका. वारसा नको म्हणून तुम्ही लगेच ‘निवडणूक पद्धती’ हे उत्तर धराल, तर त्यालाही हीच कसोटी लावावी लागेल. हंगेरीत मोठ्या पक्षाला मतांपेक्षा बऱ्याच अधिक जागा देणारी पद्धत सुरुवातीपासून होती. १९९४ ते १९९८ या काळातील समाजवादी आणि उदारमतवादी पक्षांच्या आघाडीकडेही दोन तृतीयांशांहून अधिक जागा होत्या, तरीही त्यांनी एकतर्फी नवी घटना आणली नाही. म्हणजे नियमही पुरेसा नाही. २००६मध्ये पंतप्रधानांचे, आपण मतदारांशी खोटे बोललो अशी कबुली देणारे भाषण फुटले. २००८च्या आर्थिक संकटात परकीय चलनात गृहकर्जे घेतलेली कुटुंबे हवालदिल झाली. समाजवादी पक्ष कोसळला आणि विरोधी बाजू विखुरली. जुना नियम, नवी परिस्थिती आणि त्या नियमाचा पुरेपूर वापर करण्याची तयारी असलेले नेतृत्व यांची सांगड घातल्यावरच २०१०चा अर्थ लागतो. अशी सांगड घालायला वेळ लागतो, तो द्यावा.

पोलंड शेजारी ठेवला की चित्र अधिक स्पष्ट होते. ४ जून १९८९च्या निवडणुकीत कनिष्ठ सभागृहाच्या ४६० जागांपैकी केवळ ३५ टक्के जागा खुल्या स्पर्धेसाठी होत्या. सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेतून उभ्या राहिलेल्या विरोधी चळवळीने त्या सर्व १६१ जागा आणि सिनेटच्या १०० पैकी ९९ जागा जिंकल्या. २०१५मध्ये कायदा आणि न्याय पक्षाला ३७.६ टक्के मतांवर २३५ जागा मिळाल्या, याचे एक मोठे कारण असे की डाव्या पक्षांची आघाडी संसदेत प्रवेशासाठी आघाड्यांना लागू असलेल्या किमान ८ टक्के मतांच्या अटीखाली थोडक्यात राहिली आणि तिची मते वाया गेली. घटना बदलण्याइतके बहुमत नसल्याने या सरकारने साध्या कायद्यांच्या मार्गाने घटनात्मक न्यायाधिकरण आणि न्यायिक परिषद यांवर पकड मिळवली. ऑक्टोबर २०२३मध्ये सुमारे ७४ टक्के मतदान होऊन त्या पक्षाचे बहुमत गेले. १९८९च्या ऐतिहासिक निवडणुकीतही मतदान ६३ टक्क्यांच्या आसपासच होते. ‘साम्यवादाने उदासीन केलेला नागरिक’ या मांडणीत हा ७४ टक्क्यांचा आकडा कोठे बसवणार?

वारशाचे स्पष्टीकरण हाती असलेला संशोधक अशा वेळी बहुधा बाजू बदलतो. लोक घरी बसले की तो सक्तीच्या संघटनांचा वारसा ठरतो, आणि लोक रस्त्यावर उतरले की सॉलिडॅरिटीचा. २०१७मध्ये भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यांना सूट देणाऱ्या अध्यादेशाविरुद्ध रोमानियात लाखो लोक थंडीत उभे राहिले. रोमानियात तर १९८९पूर्वी सॉलिडॅरिटीसारखी चळवळच नव्हती. दोन्ही विरुद्ध परिणामांना एकच कारण देणारे प्रकरण तुम्ही लिहिले असेल, तर ते बाजूला काढा. परीक्षकांनी ते मान्य केले तरीही काढा.

शिवाय वारसा कोणाचा, हाही प्रश्न उरतोच. पोलंडच्या निवडणूक निकालांच्या नकाशात १९१८पूर्वीच्या प्रशिया, रशिया आणि ऑस्ट्रिया या साम्राज्यांच्या सीमा आजही ओळखू येतात, हे दाखवायला सर्वांना आवडते. परंतु १९४५नंतर पोलंडच्या सीमा पश्चिमेकडे सरकल्या, व्रोत्सवाफ, श्चेचिन या भागांतील जर्मन लोकसंख्या घालवून देण्यात आली आणि तेथे पूर्वेकडील गमावलेल्या प्रदेशांतून व मध्य पोलंडमधून आलेली माणसे वसली. सीमारेषा दिसते, पण तिच्या पश्चिमेला आज राहणारे बरेचसे लोक पूर्वीचे नाहीत. मग तो वारसा प्रशियाचा, स्थलांतराचा, जमीनधारणेचा, की रेल्वे आणि शहरांच्या जाळ्याचा? जर्मनीत पूर्व आणि पश्चिमेची तुलना निसर्गाने केलेला प्रयोग असल्यासारखी वापरली जाते. पण १९६१मध्ये भिंत उभी राहण्यापूर्वी पंचवीस लाखांहून अधिक माणसे पूर्वेतून निघून गेली होती, आणि निघून जाणारे व मागे राहणारे सारखे नसतात.

यावरून वारसा नावाची गोष्टच नाही, असा निष्कर्ष काढू नका. वारसा असतो, फक्त तो कशाच्या माध्यमातून आजपर्यंत पोहोचला ते दाखवावे लागते. बाल्टिक देश घ्या. तिन्ही देशांवर सोव्हिएत सत्ता होती. एस्टोनिया आणि लॅटव्हिया यांनी स्वातंत्र्यानंतर प्रामुख्याने १९४०पूर्वीच्या नागरिकांना आणि त्यांच्या वंशजांना नागरिकत्व दिले, त्यामुळे सोव्हिएत काळात येऊन स्थायिक झालेले लाखो रशियनभाषक आपोआप नागरिक झाले नाहीत. लिथुआनियात अशा लोकांचे प्रमाण कमी होते आणि तेथे रहिवाशांना सरसकट नागरिकत्व खुले करण्यात आले. येथे सोव्हिएत काळातील स्थलांतर कायद्याच्या मार्गाने मतदारयादीपर्यंत कसे पोहोचले, याचा प्रत्येक टप्पा दाखवता येतो. वाहक कोण, मार्ग कोणता, आणि कोणता पुरावा सापडला तर माझे म्हणणे चुकीचे ठरेल, या तीन प्रश्नांची उत्तरे देता आली की वारशावर खुशाल लिहा.

हे वाचून कोणाचे अवसान गळाले असेल, तर धीर धरा. प्रश्न लहान करणे हा यातून बाहेर पडण्याचा खात्रीचा मार्ग आहे. ‘पूर्व युरोपातील लोकशाहीची घसरण’ हा विषय कोणाच्याच आवाक्यातला नाही. ‘एका देशात, एका दशकात, न्यायाधीशांच्या नेमणुकीचा कायदा कसा बदलला आणि त्याला कोणी विरोध केला’ हा आहे.

भाषेबाबत मात्र सवलत नाही. पुण्यामुंबईत रशियन शिकण्याची सोय आहे, आणि ती भाषा येते म्हणून अनेकजण पोलंड किंवा चेकियावर काम करायला निघतात. रशियनमुळे पोलिश लवकर शिकता येते, पण पोलिशऐवजी रशियन चालत नाही. हंगेरियन तर वेगळ्याच भाषाकुळातील आहे. यांत्रिक भाषांतराने बातमी कळते. संसदेतील वादाचा सूर, कोणी कोणाला काय सुनावले आणि का, हे कळत नाही. इंग्रजीतील लेखनावरच विसंबलेला प्रबंध बुडापेस्ट आणि वॉर्सा या राजधान्यांतील उदारमतवादी वर्तुळांचा प्रबंध होतो, कारण परदेशी संशोधकांशी बोलणारे आणि इंग्रजीत लिहिणारे लोक बहुतेक तेथलेच असतात. जिल्ह्याच्या गावातले वर्तमानपत्र वाचता येईपर्यंत मुलाखती घेऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्यावर मी वाद घालायला तयार आहे.

मार्गदर्शकाबाबतही माझे मत ठाम आहे. प्रसिद्ध नाव शोधत बसू नका. मोठी नावे शिफारसपत्र देतात, मसुदा वाचत नाहीत. तुम्ही ज्या देशावर काम करता तेथील एखादा तरुण प्राध्यापक किंवा अभिलेखागारातील जाणकार कर्मचारी दुसरा वाचक म्हणून मिळाला, तर तो तुमच्या दहा पानांतील जी चूक दाखवील ती येथे कोणालाही दिसणार नाही.

आकडेवारीविषयी थोडक्यात. युरोपीय सामाजिक पाहणी २००२मध्ये सुरू झाली, त्यामुळे १९९०च्या दशकासाठी दुसरी साधने शोधावी लागतात. स्वीडनमधील गॉथेनबर्ग येथील व्ही-डेम या लोकशाही मोजणाऱ्या प्रकल्पाचे निर्देशांक तज्ज्ञांच्या मतांवर उभे असतात. त्यांची अनिश्चिततेची मर्यादा न दाखवता दोन वर्षांतील बारीक फरकावर निष्कर्ष काढू नयेत. रशियातील पाहण्यांबाबत विशेष जपावे. लेवादा केंद्र या स्वतंत्र जनमत-पाहणी संस्थेला २०१६मध्ये ‘परकीय हस्तक’ ठरवण्यात आले, आणि युद्धकाळात अनोळखी प्रश्नकर्त्याला दिलेल्या उत्तरात भीतीचा वाटा किती, हे टक्केवारीवरून समजत नाही.

मुलाखतींबाबत कठोर बोलते. बेलारूस किंवा रशियातील कोणाशीही बोलण्यापूर्वी, ध्वनिमुद्रण जप्त झाले तर त्या व्यक्तीचे काय होईल याचा विचार करा. उत्तर ठाऊक नसेल तर मुलाखत घेऊ नका. तुमची पदवी कोणाच्या तुरुंगवासाइतकी मोलाची नाही. गुप्त पोलिसांच्या फायली वाचतानाही हेच भान हवे: खबऱ्याने दिलेला अहवाल वरिष्ठांना खूश करण्यासाठी लिहिलेला असू शकतो, आणि त्यात नाव असलेल्या माणसाचे नातेवाईक आज हयात असतात.

पोलंडमध्ये मराठी माणसाला एक दार आपोआप उघडते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत, सोव्हिएत संघाने हद्दपार केल्यानंतर तेथून सुटलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले होते, आणि ती आठवण पोलंडमध्ये अजून जपली जाते. समाजवादी पोलंडमध्ये या हद्दपारीविषयी उघडपणे बोलता येत नसे. १९८९नंतर ती सार्वजनिक स्मृतीचा भाग झाली. स्मृतीच्या राजकारणावर काम करायचे असेल, तर मराठी आणि पोलिश अशी दोन्ही बाजूंची साधने वाचू शकणारे संशोधक फारच थोडे आहेत. मात्र या आपुलकीपोटी समोरची व्यक्ती पाहुण्याला आवडेल असे बोलते, हे टिपण करतानाच नोंदवून ठेवा.

पैशांसाठी व्हिसेग्राद निधी (पोलंड, चेकिया, स्लोवाकिया व हंगेरी यांचा सामाईक निधी), पोलंडची नावा (NAWA) व जर्मनीची डाड (DAAD) या शैक्षणिक देवाणघेवाण संस्था आणि हंगेरीची स्टिपेंडियम हंगारिकुम ही शिष्यवृत्ती यांच्या अटी मुदतीच्या बऱ्याच आधी वाचा. बुडापेस्टमधील ओपन सोसायटी अभिलेखागारात शीतयुद्धात पूर्व युरोपासाठी प्रक्षेपण करणाऱ्या रेडिओ फ्री युरोप या अमेरिकी नभोवाणीच्या संशोधन विभागाचा मोठा संग्रह आहे आणि तेथे काम करण्यासाठी व्हिसेग्राद निधीची स्वतंत्र शिष्यवृत्ती असते. त्यासाठी अर्ज करणार असाल, तर आधी संग्रहाची सूची चाळून कोणत्या मालिकेतील कोणत्या वर्षांचे कागद हवेत आणि ते तुमच्या कोणत्या प्रश्नाला उत्तर देतील, हे एका पानात लिहून काढा. ते पान लिहिता येत नसेल, तर अर्ज पुढच्या फेरीवर टाकावा आणि तोपर्यंत भाषा शिकावी.