शेततळ्यातल्या माशांना केंदाळाचं आंबवलेलं खाद्य

शेततळ्यात रोहू-कटला वाढवताना सगळ्यात जास्त पैसा जातो तो खाद्यावर. त्यातला थोडा भार केंदाळ, म्हणजे जलपर्णी, उचलू शकतं. ताज्या केंदाळात चोथा फार, माशांना ते नीट पचत नाही. आंबवलं की मऊ पडतं.

१. मुळं कापून टाका. पानं-देठ धुऊन बोटाच्या पेराएवढे तुकडे करा.
२. एक-दोन दिवस सावलीत पसरा. मूठभर घेऊन घट्ट पिळा: पाणी ठिबकलं तर अजून सुकवा, नुसता तळहात ओलसर झाला तर बरोबर. सगळं गणित या ओलाव्यावर आहे, इथं घाई नको.
३. १०० किलोला ४-५ किलो गूळ पाण्यात विरघळवून शिंपडा. गुऱ्हाळावरचा काळपट, हलका गूळ चालतो. वाटीभर ताक घातलं तर उत्तमच.
४. ड्रममध्ये दाबून भरा, हवा राहू देऊ नका, झाकण घट्ट लावून तीन आठवडे ठेवा.

चांगल्या मालाला आंबूस-गोड वास येतो. काळा पडला, बुरशी धरली, तर सरळ खतात टाका.

हे भाताच्या कोंड्यात आणि शेंगपेंडेत मळून गोळे करा आणि ट्रेमधून द्या. आधी नेहमीच्या खाद्याच्या दहाव्या भागाइतकंच. उरलेलं दोन-तीन तासांनी काढा, नाहीतर पाणी बिघडतं.

पंचगंगेत सांडपाणी मिसळतं तिथलं केंदाळ मात्र घेऊ नका. ते पाण्यातले जड धातू शोषून घेतं.