मनोविकार वॉर्डची पाहणी आणि फेररचना कशी करावी

वॉर्डचा नकाशा टेबलावर पसरण्याआधी वॉर्डमधील एखाद्या रिकाम्या खाटेवर तासभर पडून राहावे, आणि रात्रीच्या वेळी पुन्हा एकदा तसेच करावे. छतावरचा दिवा थेट डोळ्यांत येतो का, उशाच्या बाजूने कोणी आले तर कळते का, दाराची कडी किती वाजते, शौचालयापर्यंत जाताना किती जणांच्या नजरेखालून जावे लागते, हे तिथल्या तिथे लिहून घ्यावे. मनोविकार वॉर्डमधील रुग्ण सहसा अंथरुणाला खिळलेला नसतो. तो आठवडेच्या आठवडे त्याच जागेत हिंडतो, जेवतो, रडतो, भेटायला आलेल्यांशी बोलतो. पाच मिनिटांच्या फेरीत येऊन जाणाऱ्यांना जी गैरसोय जाणवतही नाही, ती त्याला दिवसातून पन्नास वेळा सोसावी लागते.

आजारपणात इमारत वेगळीच भासू शकते, हेही पाहणी करताना ध्यानात ठेवावे. कॅनडातील वास्तुविशारद कियो इझुमी यांनी १९५० च्या दशकात मनोरुग्णालयाचा आराखडा करण्यापूर्वी, रुग्णाला ती जागा कशी दिसत असेल हे उमगावे म्हणून, स्वतः एलएसडी हे भास घडवणारे रसायन घेऊन रुग्णालयाचा अनुभव घेतला होता. ज्यांना भास होत होते अशा, आता बऱ्या झालेल्या रुग्णांना सोबत घेऊन वॉर्डमधून फिरले तर तेच ज्ञान अधिक सुरक्षितपणे मिळते, आणि माझ्या मते ही फेरी कोणत्याही सल्लागाराच्या अहवालापेक्षा मोलाची ठरते. चकाकत्या फरशीवर हलणारी प्रतिबिंबे, गुंतागुंतीच्या नक्षीचे पडदे, अंधाऱ्या पोकळीसारखे उघडे राहणारे कपाट आणि दोन्ही बाजूंना एकसारखी दारे असलेली लांबच लांब मार्गिका यांकडे त्या फेरीत विशेष लक्ष द्यावे. दारांना वेगवेगळे रंग आणि मोठी चिन्हे दिली, तसेच दिसेल अशा जागी चालू घड्याळ व दिनदर्शिका लावली, तर गोंधळलेल्या माणसाला स्थळकाळाचा धागा सापडणे सोपे जाते.

सर्वाधिक विचार आणि शक्यतो सर्वाधिक पैसा एकांतावर खर्च करावा. दाटीवाटीत, सततच्या आवाजात आणि इतरांच्या नजरेपुढे राहिल्याने मनावर ताण येतो, तो ताण वाढत गेला की वाद होतात, आणि वाद आवरण्यासाठी जबरदस्ती करावी लागते; ही साखळी जिथे तोडता येईल तिथे तोडणे हे आराखड्याचे काम आहे. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील ओस्त्रा रुग्णालयाची २००६ मध्ये सुरू झालेली मनोविकार इमारत याच विचाराने बांधली गेली. तिथे प्रत्येकाला स्वतंत्र खोली व स्वतःचे स्नानगृह, हलवता येणाऱ्या खुर्च्या, बागेत जाण्याची सोय, आवाज शोषणारी रचना आणि भरपूर दिवसाचा उजेड देण्यात आला. संशोधक रॉजर उलरिच आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आधीच्या जुन्या इमारतीच्या तुलनेत तिथे रुग्णांना बांधून ठेवण्याचे आणि बळजबरीने इंजेक्शन देण्याचे प्रमाण कमी झाल्याचे आढळले. यांतील नेमक्या कोणत्या एका बदलाने किती फरक पडला हे असा अभ्यास वेगळे काढून सांगू शकत नाही, त्यामुळे एकच स्वस्त बदल उचलून तेवढ्याच परिणामाची अपेक्षा करू नये.

स्वतंत्र खोल्या देणे शक्य नसेल तर निदान खाटांच्या मध्ये खांद्याइतक्या उंचीची आडभिंत घालावी, प्रत्येकाला कुलूप लावता येईल असा लहान कप्पा द्यावा, आणि स्नानगृहाला आतून लावता येणारी पण कर्मचाऱ्यांना बाहेरून उघडता येणारी कडी बसवावी. एकच मोठा दिवाणखाना करण्याऐवजी दोन-तीन लहान बैठकी केल्या, तर ज्याला टीव्हीचा आवाज नको आहे किंवा न पटणाऱ्या माणसाला टाळायचे आहे, त्याला उठून दुसरीकडे जाता येते. उठून जाता येणे ही बाहेरच्या जगात क्षुल्लक वाटणारी गोष्ट आहे, पण ज्याला वॉर्डबाहेर पडता येत नाही त्याच्यासाठी तीच मोठी सुटका असते.

खुर्च्यांची मांडणी मात्र जवळपास फुकटात बदलता येते. कॅनडातीलच वेबर्न येथील रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ हम्फ्री ऑस्मंड आणि मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सॉमर यांनी १९५० च्या दशकात वृद्ध स्त्रियांच्या वॉर्डमध्ये पाहिले की, खोली नव्याने सजवलेली असूनही भिंतीला पाठ लावून ओळीने मांडलेल्या खुर्च्यांवर बसलेल्या बायका एकमेकींशी क्वचितच बोलत. त्यांनी लहान टेबलांभोवती खुर्च्या मांडल्या. प्रारंभी त्या खुर्च्या पुन्हा पुन्हा भिंतीकडे नेल्या गेल्या, पण काही आठवड्यांत स्त्रियांमधील संभाषण जवळजवळ दुपटीने वाढले. खुर्च्या भिंतीला लावल्या की झाडलोट सोपी होते, म्हणून सफाई कर्मचाऱ्यांना आणि परिचारिकांना हा बदल आधी समजावून सांगावा, आणि पहिल्या आठवड्यात खुर्च्या मागे गेल्या म्हणून प्रयोग सोडून देऊ नये.

उजेडाच्या बाबतीत दिशेला महत्त्व आहे. इटलीतील फ्रान्चेस्को बेनेदेत्ती आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवून दिले की, द्विध्रुवीय आजारातील (ज्यात उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येते) नैराश्याचे जे रुग्ण सकाळचे ऊन येणाऱ्या पूर्वेकडील खोल्यांत होते, ते पश्चिमेकडील खोल्यांतील रुग्णांपेक्षा सरासरी ३.६७ दिवस आधी घरी गेले. एकध्रुवीय, म्हणजे उन्मादाविना केवळ नैराश्य असलेल्या रुग्णांत मात्र असा फरक दिसला नाही. म्हणून पूर्वेकडील खोल्या कार्यालयांना आणि भांडारांना देऊ नयेत. रात्री मार्गिकेतील दिवे मंद करावेत आणि तपासणीसाठी खोलीत येणाऱ्या परिचारिकेला लहान, खाली वळवता येणारा दिवा द्यावा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत वॉर्डमधील रात्रीच्या आवाजासाठी ३० डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. दारांना रबरी पट्ट्या, ढकलगाड्यांना मऊ चाके आणि छताला आवाज शोषणारे फलक लावले की त्या दिशेने बरीच मजल मारता येते.

सुरक्षिततेत, विशेषतः आत्महत्या टाळण्यात, कुचराई मुळीच चालणार नाही. ठरावीक वजनाखाली निसटणारे पडद्यांचे दांडे, काहीही अडकवता येणार नाही अशी उतरत्या आकाराच्या मुठी व नळ, न फुटणारी काच आणि आतून कोणी अडवले तरी बाहेरच्या बाजूला उघडता येणारी दारे ही किमान गरज आहे. तरीही या सगळ्याला तुरुंगाचे रूप द्यावे लागत नाही. इंग्लंडमधील यॉर्क येथे १७९६ मध्ये सुरू झालेल्या ‘रिट्रीट’ या आश्रयस्थानात खिडक्यांच्या लोखंडी चौकटी लाकडी वाटाव्यात अशा घडवल्या होत्या, आणि ते शहाणपण आजही तितकेच उपयोगी आहे. कुलपांवर फार भिस्त ठेवू नये. जर्मनीतील २१ रुग्णालयांच्या १५ वर्षांच्या नोंदींवर आधारलेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बंद वॉर्डांमध्ये आत्महत्या किंवा पळून जाण्याचे प्रमाण उघड्या वॉर्डांपेक्षा कमी आढळले नाही. परिचारिकांची जागा जाड काचेमागे ठेवण्याऐवजी बैठकीच्या कडेला, कमी उंचीच्या उघड्या टेबलाशी ठेवावी, आणि गोपनीय नोंदींसाठी मागे एक बंद खोली द्यावी.

काम सुरू करण्याआधी किमान सहा महिन्यांची मोजदाद हाताशी असावी: किती वेळा रुग्णांना बांधावे लागले, किती वेळा रुग्णाला एकट्याला बंद खोलीत ठेवावे लागले, किती वेळा मारहाण झाली, रात्री किती जणांनी झोपेची गोळी मागितली. आधी एकाच वॉर्डमध्ये बदल करून दुसरा तुलनेसाठी तसाच ठेवावा आणि पुढचे सहा महिने तीच मोजदाद दोन्हीकडे चालू ठेवावी. रुग्णांचे मत मात्र घरी गेल्यानंतर काही दिवसांनी विचारावे, कारण वॉर्डमध्ये असताना तक्रार केली तर मुक्काम लांबेल, अशी भीती पुष्कळांच्या मनात असते.