छोट्या रीफ टँकमधील पाण्याची निगा

खडकाआड एखादा मासा मेला आणि दोन दिवस कोणाच्या लक्षात आले नाही, तर पाचशे लिटरच्या रीफ टँकमध्ये, म्हणजे प्रवाळ ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, ही गोष्ट बहुधा पचून जाते. पन्नास लिटरच्या टाकीत मात्र दुसऱ्या सकाळीच प्रवाळांनी अंग आखडून घेतलेले दिसते. लहान टाकीत पाणी कमी असल्यामुळे प्रत्येक बदल वेगाने होतो, आणि तो वेग आवरणे हेच पाणी सांभाळण्याचे मुख्य काम आहे. पुढे दिलेले आकडे लक्षात ठेवावेतच. परंतु अल्कलिनिटी (पाण्यातील मुख्यतः बायकार्बोनेटचे मोजमाप, एकक डीकेएच) सतत ८ वर राहणारी टाकी ही आज ७ आणि उद्या १० दाखवणाऱ्या टाकीपेक्षा कितीतरी सुदृढ असते.

सुरुवात पाण्याच्या मूळ दर्जापासून करावी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, आणि त्यातील फॉस्फेट, सिलिकेट आणि क्वचित तांबे ही द्रव्ये टाकीत साचत जातात. त्यांपैकी तांबे तर अत्यल्प प्रमाणातही कोळंबी, शिंपले आणि प्रवाळ यांना घातक ठरते. त्यामुळे आरओ-डीआय यंत्रातून (सूक्ष्म पडदा आणि विरघळलेले आयन शोषणारे रेझिन यांतून पाणी शुद्ध करणारे यंत्र) आलेले, टीडीएस म्हणजे विरघळलेले पदार्थ मोजणाऱ्या मीटरवर शून्य दाखवणारेच पाणी वापरावे. आकडा शून्यावरून सरकू लागला की डीआय रेझिन बदलण्याची वेळ झाली असे समजावे. नवी टाकी भरल्यावर अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू खडकांवर व वाळूत स्थिरावण्यास साधारणपणे ४ ते ६ आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट हे दोन्ही शून्यावर येईपर्यंत टाकीत एकही प्रवाळ सोडू नये.

क्षारतेचे लक्ष्य ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ), म्हणजे २५ अंश सेल्सिअसला सुमारे १.०२६ विशिष्ट गुरुत्व, इतके ठेवावे. पाण्याची वाफ होते तेव्हा मीठ मागेच राहते, ही साधी गोष्ट विसरल्यामुळे छोट्या टाक्यांचे फार नुकसान होते. टाकीत प्रत्यक्ष ५० लिटर पाणी असेल आणि तीन दिवसांत ३ लिटर उडून गेले, तर क्षारता ३५ वरून ३७ च्या पुढे जाते. म्हणून काचेवर पातळीची खूण करून रोज त्या खुणेपर्यंत पाणी भरावे, आणि हे पाणी नेहमी बिनमिठाचेच असावे. स्वयंचलित टॉप-अप यंत्र बसवल्यास हे काम सुटते. मात्र त्याचा सेन्सर कधीतरी अडकणारच, असे गृहीत धरून राखीव पाण्याचा कॅन लहान ठेवावा. पाच लिटर गोडे पाणी एकदम टाकीत गेले तरी क्षारता ३२ च्या आसपास थांबते, पंधरा लिटर गेले तर टाकीच हातची जाते. तापमान २५ ते २६ अंश राखण्यासाठी उन्हाळ्यात पाण्यावर पंखा सोडला, तर बाष्पीभवन बरेच वाढते, हेही हिशेबात धरावे. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे क्षारता मोजण्याचे उपकरण, केवळ शुद्ध पाण्यावर जुळवून भागत नाही. तो ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावर तपासावा, अन्यथा वर्षभर चुकीच्या आकड्यावर विश्वास ठेवण्याची वेळ येते.

टाकीत कठीण सांगाड्याचे प्रवाळ असतील, तर आठवड्याला एकच चाचणी करण्याइतका वेळ असणाऱ्याने ती अल्कलिनिटीचीच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतात आणि त्यासाठी पाण्यातून कॅल्शियम व बायकार्बोनेट ठरावीक प्रमाणात उचलतात: अल्कलिनिटी १ डीकेएचने घटते तेव्हा कॅल्शियम लिटरमागे सुमारे ७ मिलिग्रॅमने कमी झालेले असते. पाण्यात कॅल्शियमचा साठा लिटरमागे ४२० मिलिग्रॅम असल्याने ही घट दोन टक्क्यांहूनही कमी भरते आणि घरगुती किटवर उमटतही नाही. ८ डीकेएचमधून १ जाणे मात्र साडेबारा टक्क्यांचे असते आणि ते लगेच दिसते. अल्कलिनिटी ७.५ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५० आणि मॅग्नेशियम १२५० ते १३५० मिलिग्रॅम प्रति लिटर या मर्यादांत ठेवावे. मॅग्नेशियम घसरले तर कार्बोनेटचा साका हीटरवर व पंपांवर बसू लागतो आणि अल्कलिनिटी कितीही भरली तरी टिकत नाही.

खप किती आहे हे ठरवण्यासाठी काहीही न घालता सलग तीन दिवस, त्याच वेळी आणि त्याच किटने मोजणी करावी. शुद्ध खाण्याचा सोडा लिटरमागे ३० मिलिग्रॅम घातल्यास अल्कलिनिटी सुमारे १ डीकेएचने वाढते. म्हणजे ५० लिटरसाठी दीड ग्रॅम पुरतो. तो आधी आरओ-डीआय पाण्यात पूर्ण विरघळवून, जोरदार प्रवाहाच्या जागी हळूहळू सोडावा. एका दिवसात १ डीकेएचहून अधिक वाढ करू नये. कॅल्शियमचे द्रावण वेगळ्या वेळी द्यावे, कारण दोन्ही एकत्र आल्यास पाणी पांढरे होते आणि दोन्ही वाया जातात.

पीएच ७.८ ते ८.४ या दरम्यान असेल, तर त्याच्या मागे लागू नये. पहाटे तो उतरतो आणि संध्याकाळी चढतो, कारण दिवे चालू असताना शैवाल कार्बन डायऑक्साइड वापरते. तो कायमच कमी दिसत असेल, तर टाकीतील ग्लासभर पाण्यात खिडकीबाहेर तासभर एअरपंपाने हवा सोडून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर दोष पाण्याचा नाही, बंद खोलीतील हवेचा आहे. बाटलीतील बफर (पीएच वाढवणारे द्रावण) ओतून त्यावर उपाय होत नाही.

नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम प्रति लिटर असावे. दोन्ही शून्यावर आणण्याचा हट्ट अनेक नवशिके धरतात आणि मग फिकट पडलेले प्रवाळ व वाळूवर पसरलेले तपकिरी, बुडबुडेदार डायनोफ्लॅजेलेट (एकपेशीय सूक्ष्मजीव) पाहून गोंधळतात. आकडे वर गेले असतील तर आधी खाद्य कमी करावे. पाणी बदलण्याचा गुणही मर्यादितच असतो: नायट्रेट २० असताना १० टक्के पाणी बदलल्यास ते १८ वरच येते.

तरीही आठवड्याला १० टक्के पाणी बदलणे हा लहान टाकीसाठी सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे, कारण त्यातून सूक्ष्म घटकही भरून निघतात. मीठ पाण्यात घालावे, मिठावर पाणी ओतू नये. पंप लावून ते पूर्ण निवळू द्यावे आणि तापमान व क्षारता टाकीशी जुळल्यावरच वापरावे. ताज्या मिश्रणाची अल्कलिनिटीही एकदा पाहावी. काही मिठांची ती ११ च्या वर असते, आणि ८ वर स्थिर असलेल्या टाकीत असे मीठ मोठ्या प्रमाणात घातले तर प्रवाळांच्या टोकांना जळल्यासारखे डाग पडू शकतात.

प्रवाळ अचानक मिटले तर घाईने औषधे घालू नयेत. प्रथम थर्मामीटर, मग रिफ्रॅक्टोमीटर, त्यानंतर अल्कलिनिटी व अमोनिया या क्रमाने तपासावे. सर्व ठीक असूनही लक्षणे राहिली तर ताजा सक्रिय कोळसा बसवून, जुळवलेल्या पाण्याने २० ते २५ टक्के बदल करावा आणि पुढील दोन दिवस टाकीत हात घालू नये.