तापलेली गाडी सुरू होत नसेल तर दोष कसा शोधावा

सकाळी पहिल्याच सेल्फला सुरू होणारी पेट्रोल गाडी घाट चढून आल्यावर चहासाठी थांबवली आणि वीस मिनिटांनी किल्ली फिरवली, तर ती नुसती कुरकुरत राहते, अशी तक्रार उन्हाळ्यात वारंवार ऐकू येते. इंजिन बंद झाले की बहुतेक गाड्यांमध्ये कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) फिरवणारा पंपही थांबतो, परंतु ब्लॉक आणि हेड या इंजिनाच्या मुख्य धातूच्या भागांमध्ये साठलेली उष्णता बाहेर येतच राहते. त्यामुळे बॉनेटखालचे तापमान काही काळ उतरण्याऐवजी चढते. म्हणूनच अशी गाडी बंद केल्याबरोबर पुन्हा सुरू होते, दोन-तीन तासांनीही सुरू होते आणि मधल्या पंधरा ते तीस मिनिटांतच अडते. आपल्या गाडीचे वागणे नेमके असेच आहे का, हे आधी तपासावे. तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे गेलेला असेल, तर तो ओव्हरहीटिंगचा प्रश्न आहे आणि तेव्हा सेल्फ मारत बसू नये. रेडिएटरचे झाकण तर गरम असताना कधीही उघडू नये.

अनेकजण प्रथम प्लग बदलतात, मग बॅटरी, मग पेट्रोल पंप, आणि पैसे खर्चूनही दोष तिथेच राहतो. त्यापेक्षा गाडी अडलेली असतानाच, न्यूट्रलमध्ये हँडब्रेक ओढून सेल्फ मारावा आणि तो कसा फिरतो हे ऐकावे. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये अर्धा-एक मिनिट जाऊ द्यावे.

सेल्फ जड, ओढल्यासारखा फिरत असेल किंवा नुसता 'टक्' असा आवाज येत असेल, तर पेट्रोलकडे बघण्याची गरज नाही; दोष विजेच्या बाजूला आहे. तापलेल्या तारेचा विद्युतरोध वाढतो, त्यामुळे थंड असताना कसेबसे भागवणारा जुना सेल्फ किंवा गंजलेले टर्मिनल गरम असताना हार मानते. दुसऱ्या कोणाला सेल्फ मारायला सांगून मल्टिमीटरने बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजावे. ते साधारण १० व्होल्टच्या खाली घसरत असेल, तर बॅटरी तपासून घ्यावी. व्होल्टेज टिकत असेल, तर मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर ठेवून पुन्हा सेल्फ मारावा. इथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा दिसला, तर अर्थिंगची पट्टी (बॅटरीचे निगेटिव्ह इंजिनला जोडणारी) किंवा तिचा बोल्ट खराब आहे. तो बोल्ट काढून, घासून, पुन्हा घट्ट करण्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो, आणि तरीही ही तपासणी सर्वांत शेवटी होते.

सेल्फ जोमाने फिरतो पण इंजिन पकडत नाही, असे असेल तर आरपीएमचा काटा पाहावा. सेल्फ फिरताना तो थोडासा हलणे अपेक्षित असते. काटा शून्यावरच चिकटून राहत असेल, तर इंजिन फिरत असल्याचे कॉम्प्युटरला कळवणाऱ्या क्रँकशाफ्ट सेन्सरवर संशय घ्यावा. या सेन्सरमधली बारीक तारेची गुंडाळी तापल्यावर आतून तुटक होते आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळते. त्यामुळे गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत गाडी अगदी शहाण्यासारखी वागू लागते. गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर या सेन्सरचा पी०३३५ हा कोड मिळाला तर उत्तमच, मात्र काही गाड्यांत काटा सेल्फच्या वेळी मुळातच हलत नाही, म्हणून केवळ त्यावरून सेन्सर बदलू नये.

काटा हलत असेल तर इंधनाकडे वळावे. पेट्रोलमधले हलके घटक ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळू लागतात. इंजेक्शनच्या साध्या गाड्यांत लाइनमध्ये ३ ते ४ बार दाब असतो, म्हणून पेट्रोल द्रवरूप राहते. तो दाब उतरला की लाइनमध्ये वाफ धरते. सेल्फ न मारता इग्निशन चालू करावे, मागच्या सीटखालून पंपाचा दोन सेकंदांचा 'घूं' आवाज ऐकावा, बंद करावे आणि असे तीन वेळा करून मगच सेल्फ मारावा. बटणाच्या बहुतेक गाड्यांत क्लच किंवा ब्रेक न दाबता बटण दाबले की हे साधते. एवढ्याने गाडी झटकन सुरू झाली, तर बंद असताना दाब गळतो आहे, हे जवळपास नक्की.

हा उपाय चालला नाही, तर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारावा. बहुतेक इंजेक्शन गाड्यांत अशा वेळी कॉम्प्युटर पेट्रोल तोडतो आणि आत साचलेले जास्तीचे पेट्रोल बाहेर पडते. गाडी अडखळत सुरू होऊन काळा धूर आणि पेट्रोलचा वास आला, तर पेट्रोल कमी नसून जास्त पडत आहे. त्याची नेहमीची कारणे दोन: गळणारा इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग) आणि इंजिन थंड असल्याचे खोटे सांगणारा कूलंट तापमान सेन्सर. दुसरे कारण स्कॅनरवर सहज पकडता येते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत कूलंट आणि आत येणारी हवा यांची तापमाने जवळपास सारखी दिसली पाहिजेत, आणि पूर्ण तापलेल्या इंजिनात कूलंट साधारण ८५ ते १०० अंशांच्या दरम्यान. कोड आला नाही म्हणून सेन्सर चांगला, असे मानू नये. फक्त टाकी भरल्यानंतरच त्रास होत असेल, तर टाकीतली वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे का, ते पाहावे.

सीएनजीच्या बहुतेक गाड्या सुरू पेट्रोलवरच होतात, हे त्यांचे मालक विसरतात. टाकीत तळाशी थोडेसे जुने पेट्रोल ठेवून चालवले, तर पंपाला थंडावा मिळत नाही. किमान पाव टाकी भरलेली असावी. कॉमन रेल डिझेलमध्ये (सर्व इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळते अशा गाड्यांत) मात्र गरम असताना इंजेक्टरमधून डिझेल परत गळून रेलमध्ये पुरेसा दाब न होणे हे मोठे कारण असते, आणि त्याची रिटर्न चाचणी गॅरेजमध्येच करावी.

इंधनाची लाइन घरी उघडू नये. इंजिन बंद असले तरी तिच्यात दाब असू शकतो आणि खाली तापलेला एक्झॉस्ट असतो. गॅरेजमध्ये गाडी थंड करून न देता अडलेल्या अवस्थेत दाखवता येईल अशी वेळ ठरवावी, आणि इंजिन बंद केल्यानंतर वीस मिनिटे प्रेशर गेज लावून ठेवण्यास सांगावे. काटा उतरला आणि काळा धूरही येत असेल तर इंजेक्टर, धूर नसेल तर लाइनमधला दाब धरून ठेवणारा, टाकीतल्या पंपाचा एकमार्गी व्हॉल्व्ह, या क्रमाने तपासणी करून घ्यावी.