एकही सामना न हरता : ग्रामीण महाविद्यालयात फुटबॉल सुरू करणाऱ्यांसाठी अनुभवकथन

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी पदवीचे शिक्षण घेत असताना आमच्या महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाने एक संपूर्ण हंगाम पराभवाशिवाय पार पाडला. त्या संघात मी स्टॉपर, म्हणजे गोलसमोरचा मधला बचावपटू, म्हणून खेळत होतो. आसपासच्या खेड्यांतून एसटीने ये-जा करणारी आणि शाळेत कबड्डी किंवा व्हॉलीबॉल खेळलेली अनेक मुले पहिल्या वर्षाला आल्यावर फुटबॉलकडे वळतात. संघात येण्यापूर्वी त्यांना काय ठाऊक असावे, हे त्या हंगामाच्या आधारे लिहीत आहे.

अपराजित राहणे आणि प्रत्येक सामना जिंकणे यांत फरक आहे, हे आधी समजून घ्यावे. आर्सेनलने २००३-०४ च्या इंग्लिश प्रीमियर लीगमध्ये ३८ पैकी एकही सामना गमावला नाही, परंतु त्यांतील १२ सामने बरोबरीत सुटले होते. साखळी पद्धतीत बरोबरीचाही एक गुण मिळतो. आपल्याकडील आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा मात्र बहुधा बाद पद्धतीने होतात. तेथे बरोबरी झाली की टायब्रेकर होतो, म्हणजे पेनल्टी मारून निकाल लावतात, आणि एक वाईट दिवस वर्षभराची मेहनत संपवतो. म्हणूनच आमच्या सरांनी जून-जुलैमध्ये गोल करण्यापेक्षा गोल न होऊ देण्याचा सराव अधिक घेतला. नव्या मुलांना तो कंटाळवाणा वाटतो, कारण प्रत्येकाला फॉरवर्ड व्हायचे असते. माझे मत असे आहे की पहिले वर्ष बचावफळीत काढलेला खेळाडू पुढे कोणत्याही जागेवर अधिक शहाणपणाने खेळतो.

विदर्भातील ग्रामीण संघाची खरी कसोटी मैदानाबाहेर लागते. आमच्या विद्यापीठाच्या स्पर्धा आल्या तेव्हा सोयाबीनची काढणी ऐन भरात होती. घरी दोन-चार एकर शेती असलेल्या मुलाला वडिलांनी थांबवून घेतले, तर त्याला दोष देता येत नाही. पाऊस येण्याआधी शेंगा घरात आल्या नाहीत, तर वर्षाचे गणित बिघडते. आमच्या कर्णधाराने त्यासाठी एक साधी वही ठेवली होती. कोणाच्या शेतात काढणी कधी, कोणाच्या गावाची शेवटची गाडी किती वाजता, कोणाकडे मजूर मिळत नाहीत, हे सर्व त्याने मुलांना विचारून त्या वहीत लिहिले होते. प्रत्येक जागेसाठी दोन मुले तयार करण्याचा निर्णय त्या वहीवरूनच झाला. उपांत्य सामन्याच्या दिवशी आमचा नेहमीचा लेफ्ट बॅक शेतात होता आणि त्याच्या जागी उतरलेल्या राखीव मुलाने समोरच्या वेगवान विंगरला (कडेने चढाई करणाऱ्या खेळाडूला) संपूर्ण सामन्यात एकदाही मोकळा क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर चेंडू, मारू दिला नाही. तो मुलगा महिनाभर सरावात नियमाने त्या जागेवर खेळत आला होता. त्यामुळे राखीव म्हणून नाव आले की सरावाला येणे सोडू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. संघ न हरण्यामागे अशा मुलांचा वाटा सर्वांत मोठा होता, असे मी आजही मानतो.

मैदानाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण बाहेरून आलेले संघ येथेच फसतात. कपाशीची काळी माती पावसात बुटाला अशी चिकटते की पाच मिनिटांत स्टड दिसेनासे होतात. आम्ही सीमारेषेजवळ एक खुरपे ठेवत असू आणि खेळ थांबला की आळीपाळीने चिखल खरवडून काढत असू. अशा मैदानावर जमिनीवरून दिलेला पास वाटेतच अडतो. म्हणून पावसाळ्यात उंचावरून आणि कडेने खेळण्याची सवय लावावी. पाऊस ओसरल्यावर हीच जमीन भेगाळते आणि त्या भेगेत पाय अडकून घोटा मुरगळतो. सामन्याआधी मैदानाला एक फेरी मारून मोठ्या भेगा मुरुमाने बुजवाव्यात. ऑक्टोबरच्या उन्हात पायांत गोळे येतात, त्यासाठी एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते पाणी बाटल्यांत भरून न्यावे. चमचा चहाचा असावा.

सरावाचे मैदान कच्चे असले, तरी मापे पक्की असावीत. आमचे गोलपोस्ट बांबूचे होते, परंतु ते नियमाप्रमाणे ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच बांधलेले होते आणि पेनल्टीची खूण गोलरेषेपासून ११ मीटरवर टेप लावून फक्कीने केलेली होती. दमलेल्या पायांनी पेनल्टी मारण्याची सवय व्हावी, म्हणून प्रत्येक सरावाच्या शेवटी सर्वांनी पेनल्टी मारायची असा आमचा नियम होता. अंतिम सामना शून्य-शून्य राहिला आणि टायब्रेकरवर आम्ही जिंकलो, तेव्हा त्या नियमाचे मोल सर्वांना कळले. नोंदीच्या दृष्टीने टायब्रेकरपर्यंत गेलेला सामना बरोबरीतच धरला जातो.

उपांत्य सामन्यातील शेवटचा कॉर्नर मला अजून स्पष्ट आठवतो. आम्ही एक गोलने पुढे होतो आणि समोरचा पूर्ण संघ आमच्या पेनल्टी क्षेत्रात आला होता. कोणी कोणाला धरायचे, जवळच्या खांबाशी कोण उभे राहायचे, हे आधीच ठरलेले होते, त्यामुळे कोणी कोणाकडे पाहत बसला नाही. चेंडू उंच आला तेव्हा गोलकीपर मोठ्याने “माहा!” (माझा) म्हणून ओरडला आणि आम्ही दोन्ही स्टॉपर चेंडूचा नाद सोडून त्याच्या वाटेतील माणसे अडवायला वळलो. मागून पाहणाऱ्या गोलकीपरला सर्वांत जास्त दिसते. त्याने हाक दिली की वाद न घालता ऐकावे.

कागदपत्रांची बाब थोडक्यात सांगतो. पात्रता अर्जासाठी दहावीचे प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, प्रवेशाची पावती आणि छायाचित्रे यांच्या प्रती प्रवेश घेतानाच काढून ठेवाव्यात. मुदत संपल्यावर कोणीही मदत करू शकत नाही. शिक्षणात खंड पडला असेल, तर ते क्रीडा संचालकांना सुरुवातीलाच सांगावे, कारण अपात्र खेळाडू उतरल्यास जिंकलेला सामनाही हातचा जातो. चाचणी परीक्षा आणि सामना एकाच दिवशी येणार असेल, तर विषयाच्या प्राध्यापकांना आधी लेखी कळवावे.

संघ हरला किंवा जिंकला, तरी निवड समितीचे लक्ष वैयक्तिक खेळाकडेही असते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि तो पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचे क्षेत्र अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम असे पाच जिल्ह्यांचे आहे, त्यामुळे चुरस मोठी असते. आमच्या संघातील ज्यांची निवड झाली, त्यांत गोल करणारे कमी आणि बचावातील मुले अधिक होती.

ज्यांना पुढे याच क्षेत्रात राहायचे आहे, त्यांनी शारीरिक शिक्षणाच्या पदवीचा विचार जरूर करावा. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या रूपाने त्या शिक्षणाची जुनी परंपरा आपल्या विदर्भातच आहे. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण असले, तरी केवळ महाविद्यालयीन विजेतेपदावर ते मिळते असे गृहीत धरू नये. कोणत्या पातळीची कामगिरी लागते हे चालू शासन निर्णयात वाचावे आणि मिळालेल्या प्रत्येक प्रमाणपत्रावर नाव, जन्मतारीख आणि स्पर्धेचे वर्ष बरोबर आहे का, हे ते हातात पडताच तपासून चूक तेथेच दुरुस्त करून घ्यावी.